दिव्या देशमुख आणि ग्रँडमास्टर किताब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून ओळखीचे पालक, वर्गात येणारी मुलं आणि बुद्धिबळ न खेळणारे कितीतरी लोक तेच तेच प्रश्न विचारत आहेत. काही अगदी साधे आहेत, काही ऐकून मलाही नियम पुन्हा उघडून बघावे लागले. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं लिहिलं आहे. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तो क्रमांक दिला आहे. माहिती २०२५ अखेरपर्यंतची आहे.

१. दिव्या देशमुख नेमकी कोण? मला बुद्धिबळातलं काहीच कळत नाही, थोडक्यात सांगा.

नागपूरची मुलगी. जन्म ९ डिसेंबर २००५. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिने जॉर्जियातल्या बटुमी शहरात महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच क्षणी ती ग्रँडमास्टर झाली, म्हणजे बुद्धिबळातला सगळ्यांत वरचा किताब तिला मिळाला. भारताची ती ८८वी ग्रँडमास्टर. महिलांमध्ये चौथी. हा चषक जिंकणारी ती पहिली भारतीय. एवढं माहीत असलं तरी पुढची उत्तरं समजतील.

२. घरात कुणी बुद्धिबळ खेळायचं का? आईवडील काय करतात?

आईवडील दोघंही डॉक्टर. दिव्या पाच वर्षांची असताना पटाशी बसली. मोठी बहीण बॅडमिंटन खेळायची, हिच्या वाट्याला बुद्धिबळ आलं. शिक्षण नागपुरातल्याच भवन्स शाळेत झालं.

पालक मला हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना बहुधा दुसरंच काही जाणून घ्यायचं असतं: घरात कुणी खेळाडू नसेल तर जमतं का? जमतं. पण कुणीतरी एक जण मुलीसोबत गावोगाव, देशोदेशी फिरायला तयार हवं. दिव्याच्या बाबतीत ते आईनं केलं. बटुमीत डाव संपला तेव्हा दिव्या रडत रडत ज्यांच्या गळ्यात पडली त्या तिच्या आईच होत्या. तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. त्या मिठीत पंधराएक वर्षांचा प्रवास होता.

३. तिला घडवलं कुणी?

पहिले प्रशिक्षक नागपूरचे राहुल जोशी. ते आज हयात नाहीत, २०२० मध्ये अकालीच गेले. ही मुलगी ग्रँडमास्टर व्हावी अशी त्यांची फार इच्छा होती. विश्वचषक जिंकून नागपूरला परतल्यावर दिव्यानं किताब त्यांनाच अर्पण केला. पुढच्या टप्प्यावर ग्रँडमास्टर श्रीनाथ नारायणन यांनी तिला शिकवलं. बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये (देशांच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा, प्रश्न ११) सुवर्ण जिंकणाऱ्या भारताच्या खुल्या संघाचे कर्णधारही हेच श्रीनाथ.

यश मिळालं की शेवटच्या प्रशिक्षकाचं नाव छापून येतं. पाच-सहा वर्षांच्या मुलीला रोज पटाशी बसायची गोडी लावणारा माणूस बातमीत मागे पडतो, म्हणून जोशी सरांचं नाव इथे आधी घेतलं.

४. ग्रँडमास्टर व्हायला साधारणपणे काय करावं लागतं?

दोन गोष्टी. पहिली, आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या म्हणजे फिडेच्या यादीत रेटिंग (ताकदीचा आकडा, प्रश्न ७) एकदा तरी २५०० ला पोचायला हवं. दुसरी, तीन नॉर्म हवेत. नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत तुम्ही २६०० रेटिंगच्या खेळाडूच्या तोडीचा खेळ केल्याचा पुरावा. त्या स्पर्धेत साधारण नऊ डाव तरी व्हावे लागतात, समोर पुरेसे किताबधारक असावे लागतात, ते वेगवेगळ्या देशांचे असावे लागतात. तिन्ही नॉर्म मिळून किमान २७ डाव भरावे लागतात.

वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोन नॉर्म घेऊन तिसऱ्यासाठी वर्षानुवर्षं युरोपातल्या स्पर्धा पालथ्या घालणारे खेळाडू आहेत. तिसरा नॉर्म शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणानं हुकणं काय असतं, ते ज्याचं हुकलं आहे त्यालाच विचारावं.

५. मग दिव्याकडे तर एकही नॉर्म नव्हता म्हणतात. तिला किताब कसा दिला? सवलत दिली का?

सवलत अजिबात नाही. फिडेच्या नियमांत मोजक्या मोठ्या स्पर्धांसाठी थेट किताबाची तरतूद आहे. महिला विश्वचषक जिंकणारीला ग्रँडमास्टर किताब थेट मिळतो, हा त्यातलाच एक नियम.

लोकांना तो नवा वाटला याचं कारण साधं आहे. ही स्पर्धा २०२१ मध्ये सुरू झाली. पहिल्या वेळी सोचीत अलेक्झांड्रा कोस्तेनिउक जिंकली, २०२३ मध्ये बाकूत अलेक्सांद्रा गोर्याचकिना. दोघीही आधीपासूनच ग्रँडमास्टर होत्या, त्यामुळे नियम कुणाला वापरायची वेळच आली नव्हती. दिव्यावर ती आली. बटुमीला जाताना तिचं रेटिंग २४६३ होतं आणि खात्यात नॉर्म शून्य.

ती पायऱ्या न चढता गच्चीवर पोचली असं कुणी म्हणालं, तर प्रश्न ८ मधली नावं वाचा आणि सांगा, यातली कोणती पायरी कमी उंचीची होती.

६. पण ती आधीच ग्रँडमास्टर होती ना? २०२१ मध्ये पेपरात वाचल्याचं आठवतं.

तेव्हा ती महिला ग्रँडमास्टर झाली होती. तो वेगळा किताब आहे. मराठी बातम्यांत मथळा लहान करण्याच्या नादात 'महिला' हा शब्द गळतो आणि घोटाळा होतो.

महिला ग्रँडमास्टर किताबासाठी २३०० रेटिंग आणि २४०० च्या तोडीचे नॉर्म लागतात. तो फक्त महिलांसाठी आहे. आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब खुला असतो, त्याला २४०० रेटिंग लागतं, म्हणजे तो महिला ग्रँडमास्टरपेक्षा वरचा. ग्रँडमास्टर हा सगळ्यांत वरचा किताब, स्त्री-पुरुष सगळ्यांना एकच. दिव्या २०२१ मध्ये महिला ग्रँडमास्टर झाली, २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मास्टर आणि २०२५ मध्ये ग्रँडमास्टर. या क्रमानं वाचलं की गोंधळ होत नाही.

७. बातमीत कधी "मानांकन २४६३" लिहितात, कधी "१५ वं मानांकन". हे काय आहे?

दोन वेगळ्या गोष्टींना एकच मराठी शब्द वापरल्यामुळे हे होतं. २४६३ हे रेटिंग, म्हणजे आजवरच्या डावांवरून ठरलेला ताकदीचा आकडा. जुने लोक त्याला एलो गुण म्हणतात. १५ वं मानांकन म्हणजे त्या स्पर्धेपुरता लावलेला क्रम, ज्याला सीडिंग म्हणतात. बटुमीत दिव्याच्या वर चौदा खेळाडू होत्या. या पानावर मी पहिल्याला रेटिंग आणि दुसऱ्याला मानांकन म्हणतो.

८. बटुमीत ती नेमकी कुणाकुणाला हरवून जिंकली?

विश्वचषक बाद पद्धतीचा असतो. एका प्रतिस्पर्ध्याशी दोन पारंपरिक म्हणजे जास्त वेळेचे डाव, बरोबरी झाली तर टायब्रेक म्हणजे कमी वेळेचे जलद डाव (प्रश्न ९), हरली ती घरी. १०७ जणी होत्या. वरच्या मानांकनामुळे दिव्याला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. त्यानंतर जॉर्जियाची केसरिया म्गेलाद्झे आणि सर्बियाची तेओदोरा इंजाक यांना तिने हरवलं.

खरी चढण चौथ्या फेरीपासून लागली. समोर चीनची झू जिनेर, स्पर्धेत दुसरं मानांकन. एकेक डाव जिंकून दोघी बरोबरीत आल्या आणि टायब्रेकमध्ये दिव्या सरस ठरली. उपांत्यपूर्व फेरीत द्रोणावल्ली हरिका, म्हणजे आपलीच ज्येष्ठ खेळाडू, ऑलिंपियाडच्या सुवर्ण संघातली सोबतीण. पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, जलद डाव मात्र दोन्ही दिव्यानं घेतले.

उपांत्य फेरीत तान झोंगयी. तान २०१७ ची विश्वविजेती आणि बटुमीच्या तीनच महिने आधी, एप्रिल २०२५ मध्ये, जू वेनजुनविरुद्ध जगज्जेतेपदाची लढत खेळलेली. पहिला डाव काळ्या मोहऱ्यांनी बरोबरीत. दुसरा पांढऱ्या मोहऱ्यांनी १०१ चालींचा. या डावात पारडं इकडून तिकडे झुकत राहिलं, दोघींच्याही चुका झाल्या आणि अंत्यडावात दिव्या शेवटपर्यंत पटाला चिकटून राहिली. माझ्या दृष्टीनं सगळ्या स्पर्धेतला हाच डाव. चषक अंतिम फेरीत मिळाला, पण तो जिंकण्याची ताकद या शंभर चालींत दिसली.

अंतिम फेरीत कोनेरू हंपी. हंपी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. २०१९ आणि २०२४ अशी दोनदा ती जलद प्रकारात विश्वविजेती. पारंपरिक दोन्ही डाव बरोबरीत सुटले. पहिल्या डावात दिव्याची बाजू वरचढ होती, पण संधी हातून गेली. २८ जुलैला टायब्रेक. पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळ्या मोहऱ्या, दोघींचाही वेळ संपत आलेला, आणि त्या ताणात शेवटची मोठी चूक हंपीकडून झाली. अडीच विरुद्ध दीड.

हंपीसाठीही मला त्या दिवशी वाईट वाटलं. तिनं जो रस्ता पाडला त्यावरूनच ही पिढी चालते आहे, आणि शेवटच्या पायरीवर तिच्यासमोर त्याच पिढीतली मुलगी उभी होती.

९. अंतिम सामना टायब्रेकवर गेला. म्हणजे थोडा नशिबाचाच भाग ना?

नाही. टायब्रेक म्हणजे नाणेफेक नव्हे. जलद डावात प्रत्येकीला पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा मिळतात. तरीही फैसला झाला नाही तर वेळ आणखी कमी करत जातात. विचाराला वेळ कमी असल्यानं चुका वाढतात हे खरं, पण त्या चुका कमी करणं हेही कौशल्यच आहे. समोर दोन वेळची जलद विश्वविजेती असताना तर "नशीब" हा शब्द मला पटतच नाही. शिवाय झू, हरिका आणि हंपी अशा तीन टायब्रेकमधून ती पार झाली. नशीब एकदा साथ देतं.

१०. विश्वचषकाआधी तिचं नाव फारसं ऐकलं नव्हतं. ती अचानक पुढे आली का?

याच प्रश्नासाठी हे पान लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल. नाव आपण ऐकलं नव्हतं, पण ती जिंकत होती.

२०१२ मध्ये सात वर्षांखालील राष्ट्रीय विजेतेपद. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दर्बानला दहा वर्षांखालील मुलींचं जागतिक विजेतेपद. २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील जागतिक विजेतेपद. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारतानं रशियासोबत सुवर्ण वाटून घेतलं, त्या संघात ती होती. २०२२ मध्ये भुवनेश्वरला ती महिलांची राष्ट्रीय विजेती झाली आणि लगेच पुढच्या स्पर्धेत कोल्हापुरात तिने ते विजेतेपद राखलं. त्याच वर्षी मामल्लपुरमच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या 'ब' संघातून खेळताना तिला वैयक्तिक कांस्य मिळालं.

२०२३ मध्ये कझाकस्तानात अल्माटीला आशियाई महिला विजेतेपद. त्याच वर्षी कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत जलद प्रकारात ती मानांकनात सगळ्यांत खाली होती. विश्वविजेती जू वेनजुन, हंपी, हरिका सगळ्या खेळत होत्या. पहिली आली दिव्या.

जून २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींचं जगज्जेतेपद, अकरापैकी दहा गुण. याआधी हा किताब जिंकलेल्या भारतीय म्हणजे हंपी, हरिका आणि पुण्याची सौम्या स्वामिनाथन. सप्टेंबर २०२४ चं बुडापेस्ट प्रश्न ११ मध्ये. एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या महिला ग्रां प्री स्पर्धेत तिसरी. जून २०२५ मध्ये लंडनला सांघिक अतिजलद स्पर्धेत तिने हू यिफानला हरवलं, जी कित्येक वर्षं महिलांच्या रेटिंग यादीत पहिली आहे.

आणि मग बटुमी. ज्यांनी हा क्रम पाहिला होता त्यांना आनंद झाला, धक्का बसला नाही.

११. बुडापेस्टला संघाला सुवर्ण मिळालं, मग तिचं "वैयक्तिक सुवर्ण" वेगळं कसं?

ऑलिंपियाडमध्ये एका वेळी संघातल्या चौघी चार पटांवर खेळतात. संघाची पदकं वेगळी आणि प्रत्येक पटावर सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्याचं पदक वेगळं. दिव्या तिसऱ्या पटावर होती. अकरा डावांत साडेनऊ गुण, आठ विजय, तीन बरोबरी, हार एकही नाही. त्या पटाचं सुवर्ण तिचं. चौथ्या पटाचं वंतिका अगरवालचं.

महिला संघाचं ते पहिलंवहिलं ऑलिंपियाड सुवर्ण, आणि वाट सोपी नव्हती. आठव्या फेरीत पोलंडकडून हार, नवव्यात अमेरिकेशी बरोबरी. दहाव्या फेरीत चीनविरुद्ध तीन डाव बरोबरीत सुटले आणि चौथा दिव्यानं नी शिचुनविरुद्ध जिंकला, म्हणून सामना आपला झाला. संघात हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका आणि तानिया सचदेव. कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. खुल्या गटातही त्याच दिवशी सुवर्ण आलं, त्यात नाशिकचा विदित गुजराथी होता.

१२. ग्रँडमास्टर झालेली भारताची चौथी महिला म्हणजे आधीच्या तिघी कोण? आणि महाराष्ट्राची कितवी?

कोनेरू हंपी (२००२), द्रोणावल्ली हरिका (२०११), आर. वैशाली (२०२३). पहिल्या दोघी आंध्रच्या, वैशाली चेन्नईची. त्यामुळे ग्रँडमास्टर झालेली महाराष्ट्राची पहिली महिला दिव्याच. हंपीनंतर दुसरं नाव यायला नऊ वर्षं लागली, हरिकानंतर तिसरं यायला बारा. वैशालीनंतर दिव्यासाठी दोनच.

१३. महाराष्ट्रात याआधी मुली मोठ्या पातळीवर खेळतच नव्हत्या का?

खेळत होत्या, आणि भारतात सगळ्यांच्या पुढे होत्या. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली ती मुंबईच्या वासंती खाडिलकरनं जिंकली. बहीण जयश्री भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर. तिसरी बहीण रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली, आणि त्याआधी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली होती. तेव्हा बाईनं पुरुषांसोबत खेळावं की नाही यावर वाद झाला होता, ही गोष्ट आजच्या मुलींना मी मुद्दाम सांगतो. सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी जपलेली परंपरा, पुढे भाग्यश्री साठे-ठिपसे, सौम्या स्वामिनाथन, अशी ही ओळ आहे. दिव्या त्या ओळीतली आहे, ओळीबाहेरून आलेली नाही.

१४. नागपुरातच एवढे ग्रँडमास्टर कसे?

रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये, आता दिव्या. एका शहरासाठी हा तीनचा आकडा छोटा नाही. एकच कारण काढून दाखवता येणार नाही. मला दिसतं ते असं: एक जण पुढे गेला की त्याच्या बरोबरीच्या मुलांना आपल्यालाही जमेल असं वाटतं, आणि सरावाला तोडीस तोड जोडीदार मोहल्ल्यातच मिळतो. बुद्धिबळात पुस्तकं, संगणक हे सगळं आलं, तरी समोर बसून तुम्हाला हरवणारा मित्र लागतोच.

१५. म्हणजे दिव्या आता जगज्जेती झाली का?

नाही. विश्वचषक आणि जगज्जेतेपद या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत, मथळ्यांत त्यांची हमखास सरमिसळ होते. जगज्जेती आहे चीनची जू वेनजुन. तिला आव्हान कोण देणार हे कँडिडेट्स स्पर्धेत ठरतं: आठ जणी, प्रत्येकीशी दोन डाव, एकूण चौदा फेऱ्या. बटुमीतल्या पहिल्या तिघी, म्हणजे दिव्या, हंपी आणि तान झोंगयी, २०२६ च्या कँडिडेट्सला पात्र ठरल्या. दिव्या वीस वर्षांखालील जगज्जेती मात्र होती (प्रश्न १०), तिथूनही हा गैरसमज पसरला असावा.

१६. बक्षीस किती मिळालं?

विश्वचषकाचे ५० हजार डॉलर, तेव्हाच्या दरानं सुमारे ४३ लाख रुपये. महाराष्ट्र सरकारनं नागपुरात सत्कार करून तीन कोटी रुपये दिले. आकडा मोठा वाटत असेल तर प्रवास, प्रशिक्षक, परदेशातलं राहणं या गोष्टी सात-आठ वर्षांच्या वयापासून धरून हिशेब करा. बहुतेक घरं हा खर्च पहिलं मोठं बक्षीस येण्याच्या कितीतरी आधी करून बसलेली असतात, आणि बहुतेकांना ते बक्षीस कधीच येत नाही.

१७. कपड्यांवरून, दिसण्यावरून काही वाद झाला होता ना?

वाद तिच्यामुळे झाला नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथली स्पर्धा संपल्यावर तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं की प्रेक्षक तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब यावर बोलतात, खेळावर मात्र नाही. आणि महिला खेळाडूंच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. ती अठरा वर्षांची होती आणि त्या स्पर्धेत तिची कामगिरीही चांगली झालेली नव्हती. हरल्यावर तोंड उघडलं की लोक सबब म्हणतात, हे ठाऊक असूनही ती बोलली. माझ्या वर्गातल्या मुलींना हे तिच्या कुठल्याही डावापेक्षा जास्त पाठ आहे. मुलगी असेल तर तिच्यासमोर डावावरच बोला, एवढं प्रत्येक पालकाला आणि प्रशिक्षकाला करता येतं.

१८. ग्रँडमास्टर झाल्यावर गोव्यात पहिल्याच फेरीत हरली. मग किताबाला अर्थ काय?

गोव्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला तो खुला विश्वचषक. २०६ खेळाडूंत ती एकटीच मुलगी होती, विशेष प्रवेशावर आलेली. ग्रीसच्या स्तामातिस कुर्कुलोस-आर्दितिसकडून ती दोन्ही डाव हरली. हार ती हारच, तिला गोड करून सांगायची गरज नाही. पण बाद पद्धतीत असं होतं. त्याच स्पर्धेत तिच्यापेक्षा कितीतरी वरचे खेळाडूही लवकर घरी गेले.

त्याआधी सप्टेंबरमध्ये समरकंदच्या ग्रँड स्विसमध्ये तिने महिलांचा गट सोडून खुला गट निवडला आणि विश्वविजेता गुकेशला बरोबरीत रोखलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. महिला गटात ती वरच्या काही जणींत असती, पैसेही जास्त मिळाले असते. तिने जिथे मार बसतो ते टेबल निवडलं.

१९. तिचं रेटिंग २५०० च्या खाली असताना किताब मिळाला. रेटिंग आणखी घसरलं तर किताब जातो का?

जात नाही. ग्रँडमास्टर किताब आयुष्यभराचा. सत्तराव्या वर्षी रेटिंग २३०० वर आलेले ग्रँडमास्टर जगभर आहेत आणि त्यांच्या नावापुढे ती अक्षरं तशीच असतात. थेट मिळालेल्या किताबाला वेगळं चिन्ह, वेगळी यादी असलं काही नसतं. ८८ वा क्रमांक इतरांसारखाच. नियम कसा लागला ते प्रश्न ५ मध्ये.

२०. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मुलींच्या स्पर्धा खेळवू की खुल्या?

दोन्ही, पण वजन खुल्याकडे. मुलींच्या गटात पदक मिळतं, राज्य-राष्ट्रीय निवड होते, उत्साह टिकतो. हे कमी लेखू नका, दिव्याची सुरुवातही तिथलीच. पण खुल्या स्पर्धेत समोर येणारे प्रतिस्पर्धी जास्त आणि वेगवेगळ्या धाटणीचे असतात. खेळ तिथे वाढतो. फक्त पदकांकडे बघून मुलीला कायम सोप्या गटात ठेवलं, तर चौदा-पंधराव्या वर्षी ती अडते. असं अडलेलं मी पाहिलं आहे आणि त्यात मुलीची चूक नव्हती.

२१. रेटिंग सुरू करायला काय करावं लागतं? उशीर झाला का?

राज्य संघटनेमार्फत अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नोंदणी करा, फिडे क्रमांक मिळतो. मग रेटिंग स्पर्धा खेळा. रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात आणि पहिलं रेटिंग निदान १४०० निघावं लागतं. मार्च २०२४ पर्यंत हा तळ १००० होता. त्यामुळे मोठ्या भावाला पटकन रेटिंग मिळालं आणि धाकटीला मिळत नाही, असं झालं तर लगेच तिच्या खेळाला दोष देऊ नका.

उशिराबद्दल: दिव्या पाचव्या वर्षी शिकली म्हणून नवव्या वर्षी शिकणाऱ्यानं सोडून द्यावं असं नाही. रोज तास-दीड तास आनंदानं पटाशी बसणारं मूल मला सहा तास बसवलेल्या मुलापेक्षा जास्त आशेचं वाटतं. शाळा सोडवण्याचा विचार नवव्या वर्षी तर मुळीच नको.

२२. तिचे डाव मुलांना दाखवायचे आहेत. कोणते आधी?

बुडापेस्टचा नी शिचुनविरुद्धचा डाव आधी लावा, अख्ख्या संघाचा भार एका पटावर कसा येतो ते मुलांना सामना सांगून समजावता येईल. त्यानंतर बटुमीचा तान झोंगयीविरुद्धचा १०१ चालींचा, पण एका बैठकीत नको. पहिल्या चाळीस चाली एका दिवशी, अंत्यडाव दुसऱ्या दिवशी. इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक, बंद ठेवा. दर पाच-सहा चालींनी थांबून मुलांना विचारा, "आता तू काय खेळली असतीस?" आणि उत्तर येईपर्यंत पुढची चाल दाखवू नका.